कोहळ्याचा पहिला चिरा

प्रिय मयू,

पोस्टाचं पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, माझी शुगर तेवढी सोडून, आणि ती का वाढली तेही याच पत्रात येईल. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, तुझे सासरे अमरावतीहून आपल्याकडे येऊन गेले, हे आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे. तुला परत पाठवा, हे सांगायला ते आले होते. मी त्यांना काय उत्तर दिलं ते मात्र तिनं सांगितलेलं नाही, कारण ते मीच लिहिणार असं मी तिला बजावून ठेवलं होतं. गुढीपाडव्यापासून तू सासर सोडून पुण्यात एकटी राहतेस, आणि बाबा शेवटी कोणत्या बाजूला झुकतात याकडे तुझे डोळे लागले असतील, हे मला कळतं. पण ते उत्तर सरळ लिहायला बसलो की पेन चालत नाही. दोन कागद फाडून झाले. शेवटी लक्षात आलं की या सगळ्यात कोहळ्याचा फार मोठा हात आहे, तर सुरुवात तिथूनच केलेली बरी. तुमच्या पुण्यात त्याला लाल भोपळा म्हणतात. म्हणोत बिचारे.

आपल्या मागच्या गल्लीतलं चर्च तुला आठवत असेल. त्याच्या मागे गाजरगवत माजलं होतं, ती जागा साफ करून त्यांनी यंदा भाजीची बाग केली. जे पिकेल ते दर शनिवारी नाल्यापलीकडच्या वस्तीत, ज्या घरांत दोन वेळची मारामार आहे त्यांना वाटून टाकायचं, आणि कामाला सगळे फुकट राबणारे. विचार मोठा उदात्त, पण मला त्याचा पत्ता नाकाने लागला. मे महिन्यात तिथे शेणखताची ट्रॉली उतरली आणि माझ्या सकाळच्या चहाला गोठ्याची चव यायला लागली. मी तक्रार करायला गेलो. तक्रारीला जाताना मी इस्त्रीचा शर्ट घालतो, हे तुला माहीत आहेच. तिथले पास्टर अमोल म्हणून आहेत, तरुण आणि अति हसतमुख. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "काका, बरं झालं आले तुम्ही. जरा हा पाइप धरता का, मी नळ सुरू करून येतो." मी पाइप धरला. तेव्हापासून धरूनच आहे.

बागेचा खरा कारभार पास्टरांकडे नाही, अंजनाबाईंकडे आहे. या निवृत्त नर्स, चर्चच्या जुन्या सभासद, आणि ऑपरेशन चालू असताना कात्री मागावी तशा त्या खुरपं मागतात. उशीर झाला की नुसतं बघतात. मी आपला बांधकाम खात्यातला माणूस, पालकाचा वाफा आखायला घरून दोरी, ओळंबा आणि लेव्हल घेऊन गेलो. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, पालकाले लेव्हल लागत नाही, पाणी लागते." मला राग आला होता, पण वाफा सरळ आला होता, त्यामुळे मी गिळला. तुझ्या आईला तर चर्चबद्दल एकाएकी अपार आदर वाटायला लागला. निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरात जी देखरेख सुरू केली होती ती बंद पडली ना! सकाळी सात वाजले की ती स्वतः माझी टोपी शोधून हातात देते.

पावसाळ्यात सगळंच भरभरून आलं, वांगी, चवळीच्या शेंगा, सांबार म्हणजे तुमची पुण्याची कोथिंबीर, पण कोहळ्यांनी तर कहर केला. वेल सायकलच्या शेडवर चढला, तिथून चर्चच्या मागच्या पत्र्यावर गेला. एका रविवारी उपासनेत पास्टर अमोल डोळे मिटून "हे प्रभो, तू आम्हांला वरून देतोस" असं म्हणाले आणि त्याच क्षणी पत्र्यावरून एक कोहळं गडगडत येऊन धाडकन खाली आदळलं. उपासनेला अख्खं चर्च हसत होतं म्हणे. मी तेव्हा बागेत होतो आणि सांगतो, थोडक्यात वाचलो.

तर भाद्रपदात आम्ही वस्तीत घरोघरी एकेक अख्खं कोहळं दिलं. पुढच्या शनिवारी गेलो तर सगळी कोहळी जशीच्या तशी! कुणाच्या उंबऱ्याजवळ, कुणाच्या टीव्हीवर, आणि एका घरी तर लहानग्यानं त्याला टोपी घालून डोळे काढले होते. अंजनाबाई खट्टू झाल्या. त्यांना वाटलं, लोकांना आवडत नाही. मला मात्र बघताक्षणी कळलं, आणि बागेत इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी जास्त कळत होतं, म्हणून मी ते जरा सावकाश सांगितलं. अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिला चाकू लावायचा नाही. आपल्याकडे कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा मानतात, त्याला आईनं कसं कापावं? आधी घरच्या पुरुषानं चिरा द्यायचा, मग बाईनं खुशाल भाजी करावी, नाहीतर बोंडं तळावी. आपल्या घरी आजपर्यंत मीच देत आलो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. आता त्या घरांमधले पुरुष कुणाचे हैदराबादला कामावर, कुणाचे गेलेले, आणि एक होता तो चाकू हातात द्यायच्या लायकीचा नव्हता. अंजनाबाई म्हणाल्या, मग इथूनच कापून देऊ. पण चिरलेलं कोहळं या उन्हात दुसऱ्या दिवशी चिकट होतं आणि तिथे फ्रीज कुणाकडे आहे? गंमत म्हणजे अंजनाबाई तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, तरी त्यांच्याकडेही पहिला चिरा त्यांचे यजमानच देतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते घरीच असतात ना, त्यांनाही काहीतरी काम पाहिजे."

अशा रीतीने नाल्यापलीकडच्या वस्तीचा अधिकृत पुरुष म्हणून माझी नेमणूक झाली. तू हस, तुझी आईही हसली. म्हणाली, "जन्मात कांदा चिरला नाही यांनी, अन् आता चिरे द्यायले चालले!" मी दुर्लक्ष केलं. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट, चाकू स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला, असा मी घरोघरी जात असे. कोहळ्याला हात लावून नमस्कार करायचा, एक चिरा द्यायचा, आणि पुढच्या घरी. प्रत्येक घरी चहा. नाही म्हटलं तर बायका म्हणत, "आमच्या घरचा चालत नाही काय साहेब?" त्यावर माणूस काय बोलणार? शुगर वाढली ती अशी. पण खरं सांगू का मयू, मला फार भारी वाटत होतं. नोकरीत पूल बांधले तेव्हा कुणी माझी वाट पाहिली नाही, आणि इथे माझ्यावाचून घरोघरी भाजी अडत होती.

आता तो आठ दिवसांपूर्वीचा शनिवार. मी शर्ट घालून निघणार तेवढ्यात तुझे सासरे दारात. त्यांना बसवलं, आईनं चहा टाकला. त्यांनी अगदी सौम्य आवाजात सुरुवात केली. पोरगं थोडं अबोल आहे, दोन-दोन महिने बायकोशी बोललं नाही हे मान्य, पण अबोला म्हणजे काही मारहाण नव्हे. बाईमाणसानं परक्या शहरात एकटं राहणं बरं दिसत नाही. "गोपाळराव, शेवटी घराला पुरुष लागतोच," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. होय, डोलावली. समोरचा वडीलधारा माणूस बोलत असला की माझी मान आपोआप डोलते, हे काय तुला सांगायला पाहिजे?

तेवढ्यात फाटक वाजलं. वस्तीतल्या बायजाबाई कमरेवर कोहळं घेऊन उभ्या, मागे काजल म्हणून त्यांच्या शेजारच्या घरची तरुण सून, तिच्या डोक्यावर दुसरं. बायजाबाई व्हरांड्यातूनच म्हणाल्या, "साहेब, वाट पाहून राहिलो ना आमी! चुलीवर पाणी ठेवून आलो. तुमी आले नाही म्हून कोहळंच घेऊन आलो." मी उठणार तर तुझे सासरे मोठ्या उत्साहात म्हणाले, "अहो तुम्ही कशाला? आणा इकडे. पुरुषाचंच काम आहे, मी देतो चिरा." माझा चाकू घेतला आणि कोहळं थेट काचेच्या टीपॉयवर ठेवलं. तुझ्या आईचा चेहरा तू पाहायला हवा होतास. त्यांनी जोर लावला. चाकू चार बोटं आत गेला आणि अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. त्यांनी तो उपसायला वर ओढला तर चाकूबरोबर अख्खं कोहळंच वर आलं. आपल्या दिवाणखान्यात तुझे सासरे दोन्ही हातांनी चाकू धरून उभे, आणि चाकूच्या टोकाला पाच किलोचं कोहळं. मी हसू दाबायला खोकलो. त्यांनी एक हिसडा दिला, तसं ते सुटलं, पडलं आणि सोफ्याखाली गेलं.

बायजाबाई आत आल्या, सरळ सोफ्याखाली वाकल्या, कोहळं ओढून काढलं, व्हरांड्यात नेलं आणि पायरीवर असं आपटलं की त्याचे दोन उभे तुकडे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं, आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी लगेच म्हणालो की पहिला चिरा व्याह्यांचाच होता, तेव्हा रीत मोडलेली नाही. काजलच्या डोक्यावर मात्र दुसरं कोहळं अजून अख्खंच होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी चाकूला हात घालणार तोच तुझी आई स्वयंपाकघरातून विळी घेऊन आली, खाली बसली आणि म्हणाली, "आण वं काजल, इकडे दे ते." जन्मात कधी अख्ख्या कोहळ्याला हात न लावलेली माझी बायको! तिनं ते विळीवर धरलं, जरा थांबली, आणि तुझ्या सासऱ्यांना म्हणाली, "भाऊ, चहा गार होऊन राहिला तुमचा, घ्या." मग दाबलं. कच्चकन आवाज झाला. बायजाबाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या, काही होतं का बघत. मग म्हणाल्या, "काई नाई झालं बाई." आई म्हणाली, "काय होणार होतं?"

त्या दोघी आपापल्या फोडी घेऊन गेल्या. काल पुन्हा शनिवार होता. मी चाकू गुंडाळून वस्तीत गेलो तर घरोघरी कोहळी आधीच चिरलेली. बायका म्हणाल्या, "साहेब, चिरा नाही पाहिजे आता, चहाले या." माझी नोकरी दुसऱ्यांदा सुटली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अंजनाबाईंनी मला मेथीच्या वाफ्यावर लावलं आहे, आणि तिथेही त्या लेव्हल लावू देत नाहीत.

तर उत्तर. चहा झाल्यावर तुझे सासरे म्हणाले, "मग गोपाळराव, दिवाळीच्या आत पाठवता ना?" आई व्हरांड्यात बिया गोळा करत होती. मी म्हणालो, "मयुरा येणार नाही. तिला यायचं तर ती स्वतः येईल, मी पाठवायला ती काही पार्सल नाही. आणि ज्या घरात दोन महिने कुणी तिच्याशी बोलत नाही, तिथे तिनं येऊ नये असंच मला वाटतं." ते म्हणाले, लोकांना काय सांगायचं? मी म्हणालो, सांगा, मुलीचा बाप हेकट आहे. पाहुणा रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून आईनं त्यांना निघताना कोहळ्याची एक फोड पिशवीत घालून दिली. त्यांनी नेलीसुद्धा.

आषाढात एका संध्याकाळी तू फोनवर मला विचारलं होतंस, "बाबा, माझं चुकलं का?" मी म्हणालो होतो, आवाज येत नाही, नेटवर्क नाही, आणि फोन आईकडे दिला होता. पुढे तू तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीस, मीही विषय काढला नाही. तिकडे तो बोलत नव्हता आणि इकडे मी. हे मला त्या दिवशी सासरे गेल्यावर आईला बिया धुताना पाहून उमगलं, आणि मला फार लाज वाटली. फोनवर मला हे अजूनही बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला. आवाज येत होता, बाळ. स्वच्छ येत होता. तुझं चुकलं नाही. एवढंच लिहायला बसलो होतो.

तुझाच,
बाबा