ओटीपोटाचा तळ आणि उदगीर जिल्हा

८ मार्च २०१६
दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल दिलगीर. कोणाजवळ दिलगीर, हा प्रश्न लगेच पडला. वाचणारी मीच. तरी दिलगिरी राहू दे.
आज ज्युनियर कॉलेजात महिला दिनाचं शिबिर. संयोजक मी. विषय पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. लातूरहून आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई छान बोलल्या. मूत्राशय, गर्भाशय, आतडी यांना हे स्नायू खालून झोळीसारखे धरून ठेवतात. बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला यांनी झोळी सैल पडते. मग शिंकलं, हसलं की थेंब सुटतो. व्यायामानं पुष्कळ सुधारतं. बाई नेमका व्यायाम दाखवायला लागल्या तेव्हा मला दोनदा बाहेर जावं लागलं. संयोजकाला कामं असतात. (दोन्ही वेळा काम एकच होतं.) ‘स्नायू आवळायचे’ एवढं कानावर आलं. बाकीचं तर्कानं काढता येईल. तर्कशास्त्रच शिकवते मी.
मला स्वतःला हा त्रास नाही. शिंक आली की पायाला पाय आवळते, ती नुसती शिस्त.

१५ मार्च
शिवलीलाचा फोन. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण उदगिरात पाणी कुठाय? लेकराला न्हाऊ कशानं घालावं? म्हणून ती नांदेडला सासरीच राहणार आणि एप्रिलअखेर मी तिकडं जायचं. आई, तू असशील ना, म्हणाली. असणारच! प्रश्न फक्त तीन तासांच्या एसटीचा. बस नांदेडला पोचेल, मी कोरडी पोचेन का, एवढाच.
आजपासून व्यायाम. महिन्याभरात एसटी काय, विमानसुद्धा.

१९ मार्च
पद्धत ठरवली. श्वास कोंडायचा, दात आवळायचे, सगळा जोर खाली. अकरावीच्या वर्गात केलं. पोरं चिडीचूप. हा जादा फायदा.
स्टाफरूममध्ये जीवशास्त्राच्या दिलशाद मॅडमनी विचारलं, काय महादेवीबाई, दाढ दुखून राहिली काय? एका मैत्रिणीसाठी व्यायाम शिकतेय म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला सांगा, जोर खाली न्हाई, आतल्या आत वर ओढायचं. दम चालू ठेवायचा. नसता झोळी अजून उसवंल. अन् तिला म्हणावं, लाजू नको, मीबी लातूरला दाखवून आले.
विचार केला. आवळणं म्हणजे जोर, जोर म्हणजे भार, आणि भार खालीच जातो. जीवशास्त्रवाल्यांना अनुमान कच्चंच असतं.

२७ मार्च
टँकर आला. दोन घागरी एका दमात उचलल्या, व्यायाम चालू ठेवून. नंतर साडी बदलावी लागली. घागर हिंदकळली असणार. (घागर डोक्यावर होती, पदर कोरडा होता. यावर सावकाश विचार करीन.)
पिण्याचं पाणी निम्म्यावर आणलं. दुष्काळात एवढा त्याग हवाच. लघवीला जळजळ. ऊन फार आहे.

१० एप्रिल
उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चौकात सभा. समितीचे व्यंकटराव म्हणाले, घोषणा तुमच्याच खड्या आवाजात पाहिजे. दिली. तिसऱ्या ‘झालाच पाहिजे’ला व्हायचं ते झालं. लगेच सूचना आली, राष्ट्रगीतासाठी उभं राहा. खुर्ची ओली. हातात पाण्याचा ग्लास. दुसरं काही सुचेना, तो मांडीवर ओतला.
पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, अगं ए मास्तरीण, गिलासभर पाणी गं माय! याड लागलं का?
व्यंकटरावांनी माईक ओढला. मायबहिणींनो, बघा! जिल्हा मिळेस्तोवर मॅडमनी पाणी सोडलं!
टाळ्या. नाही म्हणायला तोंड उघडलं तर गळ्यात हार. खरं सांगितलं असतं तर आंदोलनाची बदनामी झाली असती.

११ एप्रिल
पेपरात फोटो. ‘रणरागिणीचा जलत्याग’. आमचे हे म्हणाले, घरात कोण बघून राहिलंय, पी की. घोट घोट पिते. पण जनतेशी प्रतारणा नको. शिवाय पाणी न पिण्याला इतकं उदात्त कारण पुन्हा मिळायचं नाही.
थेंब जवळजवळ थांबला. व्यायामाला यश.

१६ एप्रिल
हुडहुडी, ताप. दवाखान्यात सलाइन. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग. पाणी सोडा असं कोणी सांगितलं, म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. व्यंकटराव नारळ घेऊन आले. म्हणाले, सलाइन दंडातून जातं, तोंडातून न्हाई. व्रत शाबूत हाय. पटलं.
संध्याकाळी जावयांचा फोन. दिवस भरायच्या आधीच बाळंतपण झालं. मुलगी. दोघी सुखरूप.
मी नव्हते.

२३ एप्रिल
घरी आले. जिल्ह्याचं काही नाही.
शिवलीलाचा फोन. का आली नाहीस म्हणून भांडेल वाटलं. तिनं आवाज बारीक केला. आई, खोकलं की साडी ओली होऊन राहिली. सासूबाई म्हणतात, समद्या बायांना होतंय, बोलायचं नसतं, पाणी कमी पी. तुला झालतं का गं?
नाही, म्हणाले. एका क्षणात. विचारसुद्धा करावा लागला नाही.
मग माझ्यातच काही खोट असंल, म्हणाली, आणि फोन ठेवला.
अनुमान मांडायला गेले तर पहिलंच विधान खोटं निघालं. ते माझं होतं.
परत फोन लावला. मलाही होतं, म्हणाले. तू झालीस तेव्हापासून. पेपरात आलेला तो पाण्याचा ग्लासही त्यासाठीच. जिल्ह्यासाठी नाही.
ती मग खो खो हसायला लागली. मग ओरडली, आई, हसवू नको गं, टाके हायत! मग आम्ही दोघीही हसलो, आणि दोघींचं जे व्हायचं ते झालं.
पाणी भरपूर पी, म्हणाले. मी येते. दोघी मिळून डॉक्टरला दाखवू.

उद्या : नांदेडच्या एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगणे, वाटेत गाडी थांबवावी लागेल. माझ्यासाठी.