प्लास्टर निघायच्या आत वाचायची पुस्तकं

प्रिय ताईस,

धाकटीचा झोपूनच नमस्कार (वाकता येत नाही, तेव्हा आहे त्या स्थितीत गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भावोजी अख्ख्या गावाची हाडं सांधतात, पण घरच्या कंबरेकडे बघतात की नाही? नसतील तर कळव, मी त्यांना वेगळं खरमरीत लिहीन. इकडे सगळे खुशाल. माझा पाय तेवढा मोडला आहे.

तुला ठाऊकच आहे, शिवणकाम सुरू केल्यापासून माझं सगळं वाचन कात्रीच्या कृपेने झालं. फ्रॉकचं माप रद्दीच्या कागदावर आधी कापायचं, म्हणजे गोष्ट वाचायला मिळायची ती बाहीच्या आकाराची. बाई घाबरत दार उघडते, आणि पुढे गळ्याची गोलाई. (दारात कोण होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.) त्यामुळे डॉक्टरांनी महिनाभर पलंगावरून हलू नका म्हटल्यावर मला रडूच फुटलं. हे म्हणाले, दुखतंय का फार? मी हो म्हटलं. आनंदाने रडतेय म्हणून सांगायची सोय होती का?

महिन्याचा बेत मी एका मिनिटात ठरवला होता. तू पाठवलेली जाडजूड कादंबरी, बस्स. पण यांच्याकडे शाळेचं वेळापत्रक करायचं काम आहे हे मी विसरले. महिनाभर एकच पुस्तक म्हणजे काय, काही शिस्त? असं म्हणून यांनी भिंतीवर तक्ता चिकटवला: पहिला तास कादंबरी, दुसरा सामान्यज्ञान, जेवणानंतर इतिहास, शनिवारी अर्धा दिवस. तास संपला की ताटली वाजवायचं काम सासूबाईंनी हौसेने अंगावर घेतलं, आणि मोबदल्यात स्वतःचाही एक तास घुसवला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून घरगुती औषधांचं पुस्तक मी मोठ्याने वाचायचं. दर पानाला त्यांना नवा आजार सापडतो. परवा तर यांनाच म्हणाल्या, जीभ दाखव.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. कादंबरीतली विधवा ट्रंक घेऊन घराबाहेर पडली, तिने सरळ इतिहासातला किल्ला जिंकला आणि रात्री गुडघ्याला मोहरीचा लेप लावला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. शनिवारी यांनी चाचणी घेतली, तेव्हा मी तसंच लिहिलं. शून्य मिळालं. खाली लाल शाईत शेरा आहे, ‘लक्ष देत नाही, पालकांनी भेटावे.’ आई-बाबा गेले, तेव्हा आता पालक तूच, म्हणून हा पत्रप्रपंच.

थट्टा सोड ताई, पण मला फार राग येतो गं. पाय मोडून घेतला तरी या घरात माझा वेळ माझा होत नाही. मला फक्त एक गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आहे, मध्ये कुणी न उठवता. हे काय फार मागणं झालं?

असो. थोरांना नमस्कार, लहानांना जे काय असेल ते.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत पायाचा एक्स-रे ठेवला आहे. यांचा इथल्या डॉक्टरांवर काडीचा विश्वास नाही, भावोजी म्हणतील तीच पूर्वदिशा. तेव्हा भावोजींना म्हणावं, हाड अजून कच्चं आहे, आणखी एक महिना प्लास्टर ठेवा, असं लिहा. ताटलीच्या आवाजाने हाड जुळायला वेळ लागतो, असंही जमल्यास घालावं.

पुन्हा ता. क. इथले डॉक्टर म्हणतात, हाड केव्हाच जुळलं. हे शाळेत गेले आणि सासूबाईंना डुलकी लागली की पत्र टाकायला मीच कोपऱ्यापर्यंत जाणार आहे, प्लास्टरसकट बऱ्यापैकी चालता येतं. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. पुढच्या चाचणीचे प्रश्न काढायला म्हणून यांनी काल संध्याकाळी कादंबरी हातात घेतली, ती अजून खाली ठेवलेली नाही. आज शाळेलाही दांडी. त्या विधवेचं पुढे काय झालं म्हणून मी दोनदा हाक मारून विचारलं, तर ताटली तर राहोच, सासूबाई मलाच म्हणाल्या, “हळू बोल जरा, तो वाचतोय.”