देवापुढे नको, पर्समध्ये हवा

बाबा, तुम्ही स्टेपलरला हळदकुंकू लावलंत. स्टेपलरला! पाटावर आईची विळी होती, कात्री होती, तुमचा ऑफिसचा कॅल्क्युलेटर होता, दोन स्क्रूड्रायव्हर होते, नळाचा पान्हा होता आणि खाली स्कूटरला झेंडूचा हार घालून झाला होता. दसऱ्याची सकाळ. न्यू पनवेलचा आपला वन बीएचके, उदबत्तीचा धूर पंख्याने पार बाथरूमपर्यंत पोचवलेला. मी आंघोळ करून आले आणि माझा घडीचा चाकू हळूच त्या स्टेपलरच्या शेजारी ठेवला. तुम्ही तो दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसा उचललात आणि टीव्हीवर नेऊन ठेवलात. "हे नको. देवापुढे हत्यार नको." आई म्हणाली, "अहो, आज शस्त्रपूजाच ना?" तर तुम्ही म्हणालात, "हे शस्त्र नाही, रामपुरी आहे. पिक्चरमध्ये व्हिलनकडे असतो तो." मी सांगायला गेले की बाबा, रामपुरी वेगळा, याचा खटका वेगळा, तर तुम्ही घंटा वाजवायला लागलात. मग मी आरती म्हटली, टाळ्या वाजवल्या, पान्ह्याला आणि स्टेपलरला वाकून नमस्कार केला.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी अजून चिडलेली आहे. तेव्हा तुम्ही पेपर वाचत असायचात, आता वाचायला पेपर नाही, तर ऐका. तो चाकू मी मावसभावाकडून मागवला होता. तो अमेरिकेहून येणार म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी परफ्यूम आणि चॉकलेटं सांगितली आणि मी एक पान भरून ईमेल केली, कुठलं मॉडेल, कुठलं स्टील, कुठला रंग. कारण त्याआधी वर्षभर मी लाईन आळीतल्या सायबर कॅफेत बसून हेच वाचत होते. शेजारची पोरं चॅटिंग करायची आणि मी पोलादाबद्दल वाचायचे. ते साधं पोलाद नाही, बाबा. वितळलेल्या पोलादाचा फवारा उडवतात, थेंब हवेतच थिजतात, त्यांची पावडर होते, आणि ती पावडर दाबून, तापवून पुन्हा त्याची लादी करतात. का, तर आतले कण सगळीकडे सारखे बारीक राहावेत आणि धार टिकावी. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे रव्याच्या लाडवासारखंच की." तिला कळलं होतं! तुम्ही म्हणालात, "आमटी वाढ."

आणि वजन. इतका हलका की जीन्सच्या खिशाला क्लिपने लावला की तो आहे हे मी विसरायचे. अंगठ्याने पातं ढकललं की ते अर्धवट जाऊन थांबायचं नाही, पूर्ण उघडायचं आणि टक् करून बसायचं. त्या एका आवाजासाठी मी त्या उन्हाळ्यात बाल्कनीत बसून तो शेकडो वेळा उघडला असेल. मी त्याने पेरू कापायचे, कुरिअरची खोकी उघडायचे, ओढणीचे लोंबणारे दोरे कापायचे, पेन्सिलींना टोकं करायचे. तुम्ही दुधाची पिशवी दाताने फाडायचात आणि मला विचारायचात, "पण त्याचा उपयोग काय?"

इथपर्यंत मी माफ केलं असतं. एखाद्या बापाला एखादी वस्तू नाही आवडत, ठीक आहे. पण त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी समोरचे काका-काकू सोनं द्यायला आले. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं, आणि त्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्याला ही घट्ट सुतळी. मी विचारही न करता खिशातून चाकू काढला, टक्, सुतळी कापली, बंद केला. काका सोफ्यात मागे सरकले. "बापरे! हे काय गं? दादागिरी सुरू केलीस का?" काकू म्हणाल्या, "अगंबाई, मुलीच्या जातीला चाकू?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. तुमचा ऑफिसातला आवाज काढून. "मीच दिलाय तिला. क्लासवरून यायला अंधार होतो. दिवस कसे आहेत, बघताय ना. सेफ्टी, दुसरं काय."

मीच दिलाय! सकाळी त्याला टीव्हीवर फेकलात आणि संध्याकाळी मीच दिलाय. आणि काय जादू झाली बघा, काकांच्या चेहऱ्यावरचं सगळं निवळलं. "बरोबर आहे, बरोबर आहे. ठेवावाच." काकूंनी तर मिरचीपूड कागदाच्या पुडीत कशी बांधायची ते दाखवलं. सगळे माझ्याकडे कौतुकाने, जरा कीव करत बघत होते, आणि मी पेढा चावत बसले होते. मला ओरडायचं होतं की मी घाबरत नाहीये हो, मला हे आवडतं. त्याच काकांचा मुलगा दिवसभर जुनी घड्याळं उघडून बसायचा. तो कधी कोणाला घाबरून घड्याळ उघडत होता का? त्याला छंद होता. त्याच्या छंदाबद्दल तुम्हीच म्हणायचात, "हुशार आहे हो पोरगा, डोकं आहे त्याला." आणि मुलीच्या खिशात चाकू निघाला की त्याच्यामागे एखादा पुरुष उभा असलाच पाहिजे, ज्याला ती घाबरते. तुम्ही मला एका वाक्यात घाबरट करून टाकलंत, बाबा, आणि वर सगळ्यांकडून शाबासकी घेतलीत.

मग तर कहरच. स्वतःच्या थापेवर तुमचा स्वतःचाच विश्वास बसला. मी निघाले की तुम्ही पेपरामागून विचारायचात, "चाकू घेतलास?" डबा नाही, पास नाही. चाकू. आई म्हणायची, "अहो, कॉलेजला चाललीय ती, लढाईला नाही." मी मुद्दाम तो घरी ठेवायला लागले. माझी सगळ्यात आवडती वस्तू, आणि ती खिशाला लावायची मला लाज वाटायला लागली, कारण आता ती तुमच्या भीतीची झाली होती.

असाच एकदा ठेवला, आणि मी पनवेल स्टँडवर बसच्या रांगेत उभी आहे. मैत्रिणी आहेत, भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोन बायका आहेत, आणि समोरून स्कूटर लावून तुम्ही येताय. ऑफिसचे कपडे, छातीच्या खिशाला पेन, आणि पेनाशेजारी क्लिपने लावलेला माझा चाकू. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "विसरलीस बघ." मी दातओठ खात म्हटलं, "बाबा, मला नकोय. जा तुम्ही." तुम्ही म्हणालात, "धार बघ, चांगली आहे ना अजून," आणि तो काढून उघडलात. पाटीवाली बाई म्हणाली, "या बया, मानूस सुरा काडतंय," आणि रांग मोडून बाजूला झाली. मैत्रिणी हसायला लागल्या. मी तुमच्या हातातून तो हिसकावला, तुम्ही बंद केलात त्यानंतर, आणि मागे न बघता बसमध्ये चढले.

तुम्ही बंद केलात, बाबा. एका हाताने. खाडीपुलापाशी बस आली तेव्हा माझ्या डोक्यात हा उजेड पडला. उघडणं सोपं आहे, कोणीही उघडेल. पण एका हाताने खटका दाबून, पातं अर्धं मिटवून, बोट वेळेवर बाजूला घेऊन तो बंद करायला सराव लागतो. मला जमेपर्यंत अंगठ्याला दोनदा पट्टी लागली होती. तुम्ही तो माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता बंद केलात. म्हणजे मी कॉलेजला गेल्यावर तुम्ही बाल्कनीत बसून काय करत होतात? आणि त्याच्या सांध्याला खोबरेलाचा वास येत होता. खोबरेल, बाबा! ते थंडीत थिजतं, सांधा चिकट होतो. एका शब्दाने विचारलं असतंत तर मशीनचं तेल दिलं असतं. सगळं सांगितलं असतं. फवारा, पावडर, लाडू, सगळं. एका घरात दोघं होतो आपण, दोघांनाही तो टक् आवाज आवडत होता, आणि तुम्ही मला महिनोन्महिने सेफ्टी शिकवत राहिलात. मी संध्याकाळी विचारीन म्हटलं, मग म्हटलं रविवारी, मग रागच जास्त होता म्हणून विचारलं नाही. मे महिन्यात तुम्ही ऑफिसातच गेलात. तुम्हाला हा राग सांगायचाच राहिला.

आता मी उलव्याला एका बिल्डरकडे ब्रोशर लिहिते. विमानतळापासून पाच मिनिटं, असं लिहिते, विमानतळ अजून झालेला नाही. आणि रविवारी अशा कथा लिहिते ज्या कोणाला कळत नाहीत. हे मात्र कथेत घालणार नाही, कोणाला दाखवणारही नाही. लिहून झालं की कपाटात तुमच्या शर्टांखाली जाईल. फक्त एक सांगते. परवा ऑफिसात टाइल्सच्या सॅम्पलची खोकी आली. मी चाकू काढला, पट्टी कापली. साइटवर नवीन आलेला इंजिनिअर समोर उभा होता. "मॅडम, हे काय?" मला पोलादापासून सगळं सांगायचं होतं, बाबा, इतकी वर्षं तेच तर सांगायचं होतं. आणि मी म्हणाले, "संध्याकाळी इथून एकटी जाते ना." तो म्हणाला, "हो, बरोबर आहे." पण तो काही गेला नाही. तो पात्याकडेच बघत उभा होता, आणि मी चाकू मिटवून पर्समध्ये टाकला.