ताईच्या तोंडानं इंग्रजी

२ जून, शिर्डी
आले बाई एकदाची! पाथर्डीहून एसटीनं अंगाचं पार भरीत केलं, पण हॉटेल झकास आहे. मला काउंटरवर घेतलंय. अट एकच, पंधरवड्यानं इंग्रजीची परीक्षा. नापास झाले तर गाठोडं उचलून परत. शिकवणी मात्र अजब. भागवत सर डोळ्यांवर एक डबा चढवतात आणि आपण थेट काचेच्या ऑफिसात! तिथं प्रत्येकाची एक बाहुली असते. ती मीटिंगा घेते, रुसलेल्या गेस्टला इंग्रजीत समजावते. चेहरा आपल्या फोटोवरून मिळतो, आवाज आपलाच. मी हसतच सुटले.

३ जून
फोटोत माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं येतं. म्हणून रेश्माताईचा फोटो दिला. कुणाला कळतंय? मी शिकावं म्हणून ताईनं आठवीत शाळा सोडली, आईबरोबर ऊस तोडायला गेली. आठ वर्षं तोडला. दोन वर्षांपूर्वी कोल्हारकडं फडातच साप चावून गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तिला इंग्रजी शिकायची भारी हौस होती. शेवटी मीच हात जोडले, म्हटलं, ताई, तुझं राहिलेलं शिक्षण तुझ्या नावानं पुरं करीन. लगेच शिवला. आज फोटो लावताना रडू आलं जरा.

८ जून
इंग्रजी फाडफाड येतंय! सर खूश. म्हणाले, तुम्ही डबा काढून गेलात तरी तुमची बाहुली तासभर बोलत बसली होती. मशीन बिघडलं असेल. पण आज तिथल्या आरशात बाहुलीच्या बोटांना चिंध्या दिसल्या. कोयत्यानं फोड आले की बांधतात तशा. फोटो तर नुसत्या चेहऱ्याचा दिला होता.

१२ जून
फोटो बदलला. माझा लावला, एरंडेलवाला. आरशात ताईच.
दुपारी काउंटरवर भानावर आले तर समोरचा गेस्ट हात मिळवत होता. अर्धा तास मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले म्हणे. मला एक शब्द आठवत नाही. डोळ्यांवर डबा नव्हता. आई गं, नव्हताच.

१५ जून
आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, परत ये म्हणेल. ती हसली. म्हणाली, ठावं हाय मला, रेश्मा रोज सकाळी तुझ्याच मोबाईलवरून बोलती की. लई गोड बोलती. आनंदानं किती रडली. मी जेवले का, ते विचारलंच नाही.

१७ जून
डबा चढवून ताईच्या पाया पडले. म्हटलं, शिकलीस, आता जा. ती म्हणाली, आठ वर्षं तुझ्या वाटणीचं मी फडात काढलं. आता तुझी आठ वर्षं —
मी नको म्हणाले. माझ्याच तोंडून तिनं हो म्हटलं.

१९ जून
पास. दाखल्यावर नाव रेश्मा.
आई आलीय. समोर बसलीय. मला बघून चेहरा पडला तिचा. विचारलं, रेश्मा कुठंय. म्हटलं, आई, मी आहे ना, मी अश्विनी, मी —
तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. टेबलावरचा डबा उचलून माझ्या डोळ्यांशी आणला. हळूच म्हणाली, तू शानी हायेस ना बाळा, जरा सरक, तिला लई दिस —