धवल्यासाठी प्लेयर

३ मे, रवि.
आत्याला आता गाता येणार नाही. बोलता येईल, हळू. डॉक्टरांनी सांगितलं, सोबत गेलेल्या नंदाने, आत्याच्या मुलीने, फोनवर दोनदा तेच सांगितलं, म्हणजे पक्कं. गावातल्या किती लग्नांत आत्याने धवला, हळदीचं गाणं, म्हटला, आणि शनिवारी तिच्या नातीची हळद. नंदा म्हणाली, दादा, तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे ना? आहे. लेखासाठी केलं होतं, चांगल्या रेकॉर्डरवर. लेख छापून आला, फाइल तशीच पडून.

४ मे, सोम.
फाइल २४ बिटची, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक नोंदीची. लॅपटॉपमधला मूळचा प्लेयर वाजवतो, पण आत्या दार लोटून पलीकडच्या खोलीत गातेय असं वाटतं. दुसरा उतरवला. मूळ ध्वनी जसाच्या तसा, अशी त्याची जाहिरात. तो चालू असला की लॅपटॉपवर दुसरं काही वाजत नाही. मधूनच तो स्वतःही नाही. दिवस गेला. सुमन चहा ठेवून म्हणाली, "अहो, प्लेयर शोधताय की जावई?"

६ मे, बुध.
तिसरा. यात आत्या समोर बसल्यासारखी. बांगड्यासुद्धा ऐकू येतात. फक्त प्रत्येक ओळीनंतर लांब रिकामी जागा, पंख्याची घरघर. सेटिंगमध्ये 'शांतता वगळा' सापडलं. लावलं. कसं घट्ट झालं. कंटाळलो, पण काम संपलं.

७ मे, गुरु.
चौल, आत्याचं गाव. तिच्या पडवीत लॅपटॉप स्पीकरला जोडला. ऐकताना तिचे ओठ हलत होते, मग थांबले. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच येकटी पलतंय. बायांनी कवा म्हनायचा?"
ती ओळ म्हणते, मग बाया तीच ओळ उचलतात. रेकॉर्डिंगला आम्ही दोघंच होतो, तरी सवयीने ती प्रत्येक ओळीनंतर त्यांच्यासाठी थांबली होती. ते थांबणं मी कापलं. इतकी वर्षं बातम्या कापल्या, हात तिकडेच जातो.
नंदाचं म्हणणं, राहू दे असंच, कोणाला कळतंय. आत्या उठून आत गेली.

८ मे, शुक्र.
तिसराच ठेवला. त्याच्या सगळ्या सोयी बंद केल्या. पुन्हा चौल, पुन्हा पडवी. या वेळी आत्या शेवटपर्यंत बसली. रिकाम्या जागांत नंदा पुटपुटली, दोन ओळी, मग अडखळली. पोरींना येतच नाही, म्हणाली, त्या डीजेची वाट बघतायत.
आत्याने मला विचारलं, हे बंद कुठून होतं. स्पेसबार दाखवला. तिने दोनदा दाबून बघितला.
"बाया गप रायल्या तं मीच बंद करीन."
उद्या हळद. लॅपटॉप मांडवात, आत्याच्या पाटाशेजारी. पहिली ओळ वाजेल, मग रेकॉर्डिंगमधली आत्या बायांसाठी थांबेल. पाटावरच्या आत्याचं बोट स्पेसबारवर असणार.