रिकामं कोठार

सौभाग्यवती मालकीणबाईंस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे?

कारखान्याचं बांधकाम जोरात आहे, पण मी राखतो ते मालाचं कोठार रिकामं. नवे साहेब म्हणतात, "काका, माल लागेल त्याच दिवशी येणार. कोठार रिकामं म्हणजे काम चोख." तुझा पिठाचा डबा तळाला गेला तर तू घर डोक्यावर घेतेस!

मी गुपचूप बोल्टांची एक पेटी मागे ठेवली होती. काल ट्रक आला नाही, तेव्हा तीच कामी आली. साहेब म्हणाले, "वाचवलंत काका! पण पुन्हा असं करू नका." ही शाबासकी की दम? आणि रिकाम्या कोठाराला राखणदार किती दिवस ठेवतील?

आज मी आणखी एक पेटी दडवली आहे. राहू देऊ की साहेबांना सांगू, ते लवकर कळव.