गिअर आता हातात

दादा,

"त्या गाडीचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही," असं तू घर सोडताना बाबांना बजावलं होतंस. अपघाताच्या वेळी गाडी ते चालवत होते आणि पाय तुझा गेला.

हल्ली ते तीच मोटरसायकल दुरुस्त करतायत, तुझ्यासाठी. इंजिन बाहेरच्या खोलीत, टाकी पलंगाखाली. आई म्हणते, "सून आली असती तर तिचेही एवढे लाड झाले नसते."

काल बाबांनी मला हाक मारली. पायाने टाकायचा गिअर त्यांनी हँडलवर आणलाय.

"बघ, आता डावा पाय लागतच नाही."

तुझा उजवा गेलाय, दादा. ब्रेकचा.

तुझ्यासमोर बसले की ते पायाकडे ओझरतं बघून नजर वळवायचे. समोरून बघणाऱ्याला उजवं डावीकडे दिसतं, तेच त्यांच्या मनात राहिलं असावं. माझ्याने खरं सांगवलं नाही. "झकास झालंय," मी म्हणाले.

हे पत्र मी टाकेन असं वाटत नाही, आणि टाकलं तरी तू नाहीच म्हणशील. तरी मागते. एकदा ये, त्या गाडीवर बस आणि त्यांना तुझा पाय नीट बघू दे.

तुझीच,
धाकटी